वाचकांचे प्रश्न : माशांच्या दातांची सूक्ष्मरचना

या वेळी आलेल्या पत्रांत माशांच्या दातांविषयीचे प्रश्न बरेच होते, म्हणून सगळे सदर त्यांनाच दिले आहे. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. माणसाचा कायमचा दात एकदा आला की तो जन्मभर पुरवावा लागतो. माशाचा दात मात्र बहुधा काही दिवस, आठवडे किंवा महिने काम करतो आणि गळून पडतो, आणि त्याची जागा घेणारा दुसरा दात त्या वेळी मागे तयार होत असतो. माशाच्या दाताचे कठीण आवरण, त्याखालचे डेंटिन (दाताचा मुख्य, हाडासारखा भाग) आणि त्याची हाडाशी असलेली जोडणी या तिन्ही गोष्टींचा अर्थ या अल्प आयुष्याच्या संदर्भात लावला तरच नीट लागतो, असे माझे मत आहे आणि पुढील उत्तरांत ते जागोजागी दिसेल.

प्रश्न : मी दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या टिपणांत ‘माशांच्या दातांवर एनॅमल नसते, एनॅमलॉइड असते’ एवढे एकच वाक्य आहे. दोन्ही कठीण, दोन्ही चकचकीत आणि दोन्हींत कॅल्शियम फॉस्फेटचेच स्फटिक असतील, तर फरक नेमका कोणता?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : हा फरक पूर्ण वाढलेल्या दातात शोधू गेल्यास हाती लागत नाही, तो दात घडत असताना दिसतो. दाताच्या अंकुरात दोन प्रकारच्या पेशी समोरासमोर उभ्या असतात. बाहेरच्या बाजूला अभिस्तरातून, म्हणजे तोंडाच्या अस्तराच्या पेशीथरातून, आलेले अमेलोब्लास्ट असतात आणि आतल्या बाजूला, ज्यातून पुढे दाताचा गर तयार होतो त्या ऊतीच्या कडेला, ओडोंटोब्लास्ट असतात. माणसात आधी ओडोंटोब्लास्ट डेंटिनचा पहिला थर घालतात आणि मग त्या थरावर अमेलोब्लास्ट एनॅमल रचत रचत बाहेरच्या दिशेने मागे सरकत जातात. या एनॅमलच्या मूळ साच्यात अमेलोजेनिनसारखी प्रथिने असतात, कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन नसते.

बहुतेक माशांत हा क्रम उलटा आहे. दाताच्या टोकाशी, दोन्ही पेशीथरांच्या मधल्या जागेत, सर्वांत आधी एनॅमलॉइडचा साचा घातला जातो आणि त्यात दोन्ही बाजूंचा वाटा असतो. ओडोंटोब्लास्ट त्यात कोलॅजेनचे तंतू सोडतात, तर अमेलोब्लास्ट आपली प्रथिने. डेंटिनची सुरुवात त्यानंतर आणि त्याच्याखाली होते. पुढे साच्यात खनिज भरू लागले की अमेलोब्लास्टचे काम बदलते. ते साच्यातील सेंद्रिय भाग आणि पाणी काढून घेतात आणि त्या जागी स्फटिक वाढत जातात. शेवटी कोलॅजेन जवळजवळ नाहीसे होते, परंतु ते ज्या दिशांनी पसरलेले होते त्या दिशा स्फटिकांच्या जुड्यांत कायम राहतात.

यातून आपल्याला सूक्ष्मदर्शकाखाली पडताळता येईल असा एक परिणाम होतो. माणसाच्या दातात एनॅमल आणि डेंटिन यांच्यामधील सीमा स्पष्ट रेषेसारखी दिसते. माशाच्या दातात ती पुष्कळदा पुसट असते, कारण डेंटिनमधील सूक्ष्म नलिका आणि तंतू ती सीमा ओलांडून एनॅमलॉइडमध्ये शिरलेले असतात.

आपल्या टिपणांतील वाक्य मात्र दुरुस्त करून घ्यावे, कारण ‘माशांच्या दातांवर’ हा शब्दप्रयोग फार सैल आहे. फुप्फुसमासे आणि सीलाकँथ, म्हणजे चतुष्पाद प्राण्यांच्या जवळचे मासे, यांच्या दातांवर खरे एनॅमल असते. गार आणि बिचिर या जुन्या वंशांतील माशांत दाताच्या टोकावर एनॅमलॉइडची टोपी आणि खालच्या कडांवर पातळ एनॅमल असे दोन्ही आढळते. त्याहून लक्षणीय उदाहरण सॅलॅमँडर या उभयचराचे आहे : त्याच्या डिंभाच्या दातांवर एनॅमलॉइड असते आणि प्रौढाच्या दातांवर एनॅमल. एकाच प्राण्याच्या आयुष्यात एका ऊतीची जागा दुसरी घेते, यावरून या दोन ऊतींमधील अंतर मुख्यतः कोणत्या पेशीने केव्हा काम सुरू केले यावर अवलंबून आहे, असे मानण्यास चांगला आधार मिळतो.

शार्कच्या एनॅमलॉइडविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तेथे रचना सर्वांत सुरेख दिसते. सौम्य आम्लाने काही सेकंद खरवडलेला शार्कचा दात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की तीन पट्टे ओळखता येतात. सर्वांत बाहेर अगदी पातळ, चकाकणारा थर असतो. त्यातील स्फटिक जुड्यांत बांधलेले नसतात. त्याखाली स्फटिकांच्या जुड्या पृष्ठभागाला समांतर, पायथ्याकडून टोकाकडे धावतात. सर्वांत आत जुड्यांची गुंतागुंत असते आणि त्यांना ठरावीक दिशा नसते. सावज झटापट करते तेव्हा दात वाकण्याच्या बेतात येतो. त्या ताणाला मधल्या थरातील लांब जुड्या तोंड देतात, आणि एखादी भेग पडलीच तर आतल्या गुंत्यात तिला सरळ वाट मिळत नाही.

प्रवाळ कुरतडणाऱ्या पोपटमाशात याच तत्त्वाची पुढची पायरी दिसते. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्याच्या दातांत फ्लोरापॅटाइटच्या (फ्लोरिनयुक्त कॅल्शियम फॉस्फेटच्या) स्फटिकांच्या जुड्या कापडातील उभ्या-आडव्या धाग्यांप्रमाणे एकमेकींत विणलेल्या असतात, आणि दाताच्या पायथ्याशी सुमारे 5 मायक्रोमीटर (1 मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असलेल्या या जुड्या टोकाकडे सुमारे 2 मायक्रोमीटरपर्यंत बारीक होत जातात. जुडी जितकी बारीक तितका दात अधिक कठीण, असेही त्या मोजमापांत आढळले. म्हणजे जेथे दात दगडाला भिडतो तेथेच वीण सर्वांत घट्ट आहे.

प्रश्न : ओले बोंबील साफ करताना बोट तोंडात गेले तर दात आतल्या बाजूला सहज वाकतात, पण बोट बाहेर काढताना रुततात. वाकटीचे पुढचे सुळे मात्र मुळीच हलत नाहीत. दात हलत असेल तर तो गळायला आलेला असतो, असा माझा समज होता.
— एक वाचक, वसई

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. माणसाच्या बाबतीत आपला समज बरोबर आहे, परंतु बोंबलाचा दात निरोगी असतानाच हलतो आणि तसे हलणे हेच त्याचे काम आहे.

माणसाचा दात हाडातील खाचेत बसतो आणि खाचेच्या भिंतीशी तंतूंनी बांधलेला असतो. अशी खाच फार थोड्या माशांत असते. बहुतेक अस्थिमत्स्यांत दात जबड्याच्या हाडावर उभा असतो आणि त्याच्या पायथ्याशी त्या एका दातापुरते एक छोटे हाड तयार होते. त्याला जोडहाड म्हणू. दाताची मुदत संपली की हाड विरघळवणाऱ्या पेशी हे जोडहाड खाऊन टाकतात आणि दात सुटतो. नव्या दाताबरोबर नवे जोडहाड येते. दात आणि हे जोडहाड यांच्यामध्ये काय आहे यावर दाताचे हलणे न हलणे ठरते. डब्ल्यू. एल. फिंक यांनी 1981 मध्ये अशा जोडण्यांचे चार प्रकार केले. पहिल्या प्रकारात दाताचा तळ आणि हाड खनिजाने पूर्ण एकजीव झालेले असतात. दुसऱ्यात दोहोंच्या मध्ये सभोवार कोलॅजेनचे कडे असते, त्यामुळे दात किंचित दबतो. उरलेले दोन प्रकार बिजागरीचे आहेत. त्यांत कोलॅजेन पायथ्याच्या एकाच बाजूला एकवटलेले असते आणि दात ठरावीक दिशेनेच कलतो.

वाकटीचे सुळे हाडाला पक्के जडलेले असतात. ते भोसकण्यासाठी आहेत आणि भोसकणारे हत्यार पायाशी डळमळून चालत नाही. हाताशी भिंग असेल तर वरच्या जबड्यातील सर्वांत मोठ्या सुळ्याचे टोक अवश्य पाहावे : टोकाच्या जरा खाली मागे वळलेला एक आकडा दिसेल. भोसकलेले सावज त्यामुळे निसटत नाही. वाम माशाच्या तोंडातही जबर दात असतात, पण त्यांतले मोठे दात जबड्यापेक्षा टाळूच्या मधल्या हाडावर एका ओळीत असतात, ही गोष्ट वाम कापणाऱ्यांच्याही पुष्कळदा नजरेतून सुटते.

बोंबलाचा प्रश्न वेगळा आहे. त्याचे अंग मऊ, सांगाडा हलका आणि तोंडाची फट फार मोठी; तो कोळंबी आणि लहान मासे अखंड गिळतो. त्याचे दात बारीक, लहानमोठे आणि आत वळलेले असतात. सावज घशाकडे सरकू लागले की दात त्याच दिशेने झुकून वाट देतात. सावजाने मागे फिरण्याचा प्रयत्न केला की दात उभे राहतात आणि बाहेरच्या बाजूला त्यांना कलता येत नसल्यामुळे त्वचेत रुततात. आपल्या बोटाला हाच अनुभव आला.

झुकलेला दात पुन्हा उभा कसा राहतो, हे पाहण्याचे काम 19व्या शतकात इंग्रज दंतशास्त्रज्ञ चार्ल्स टोम्स यांनी फार बारकाईने केले. युरोपच्या समुद्रातील हेक आणि अँग्लर या माशांत आतल्या बाजूचा अस्थिबंधच लवचीक असतो आणि तो दाताला परत उभा करतो. पाइक या गोड्या पाण्यातील शिकारी माशात मात्र बिजागरीच्या अस्थिबंधात ती लवचीकता नसते; दाताच्या पोटातून खाली हाडापर्यंत गेलेले लवचीक धागे त्याला ओढून सरळ करतात. एकच हालचाल दोन वंशांत दोन निरनिराळ्या साधनांनी साधली आहे, आणि वरवर पाहून हे कधीही कळले नसते. हेकच्या दाताची आणखी एक खूण टोम्स यांनी नोंदवली आहे. ताज्या माशात तो दात लालसर दिसतो, कारण त्याच्या डेंटिनमध्ये नेहमीच्या बारीक नलिकांच्या ऐवजी रक्तवाहिन्यांचे जाळे असते. अशा डेंटिनला व्हॅसोडेंटिन म्हणतात.

प्रश्न : मोरीच्या (लहान शार्कच्या) जबड्यात एकामागे एक दातांच्या रांगा असतात. त्या किती दिवसांनी पुढे येतात? शार्कच्या दातांत फ्लोराइड असल्यामुळे ते किडत नाहीत, हे खरे आहे काय?
— एक मत्स्यव्यावसायिक, मालवण

उत्तर : जबड्याच्या आतल्या कडेला अभिस्तराची एक पट्टी खोल गेलेली असते आणि तेथे नवे दात सतत घडत असतात. सर्वांत आतले दात नुसत्या एनॅमलॉइडच्या पोकळ टोप्या असतात. पुढच्या रांगांत डेंटिन भरत जाते, मूळ तयार होते आणि आडवा असलेला दात कडेवर येताना उभा राहतो. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्यामुळे दात हाडात रुजण्याचा प्रश्नच येत नाही. दातांची मुळे कोलॅजेनच्या जाड पडद्यात अडकलेली असतात आणि दात त्या पडद्यावर रांगेने पुढे येतात.

वेग जातीप्रमाणे, वयाप्रमाणे आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलतो. लेमन शार्कच्या पिलांत एक रांग साधारण 8 दिवसांत बदलते असे मोजले गेले आहे. नर्स शार्कमध्ये उन्हाळ्यात हे काम जलद होते आणि हिवाळ्याच्या थंड पाण्यात कित्येक पटींनी मंदावते. त्यामुळे ‘शार्कचे दात अमुक दिवसांनी पडतात’ असा एकच आकडा कोठे वाचनात आला, तर तो कोणत्या जातीचा आणि कोणत्या ऋतूतला हे आधी विचारावे.

हे वैशिष्ट्य फक्त शार्कचे नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील लिंगकॉड या अस्थिमत्स्याच्या तोंडात पाचशेहून अधिक दात असतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या माशांना आधी एका आणि काही दिवसांनी दुसऱ्या रंगाच्या द्रावणात ठेवले गेले. हे रंग ज्या दातात त्या वेळी कॅल्शियम बसत असते त्यालाच लागतात. त्यामुळे दुसऱ्या रंगाचेच दात मोजले की मधल्या काळात नवे आलेले दात कळतात. हिशेब असा निघाला की एक मासा दिवसाला सरासरी 20 दात बदलतो. पिरान्हा माशात तोंडाच्या एका बाजूचे सगळे दात एकमेकांत अडकलेले असतात आणि ते एकदमच पडतात. आपल्या किनाऱ्यावरील केंड माशाची चोच मात्र कधीच गळत नाही : तिच्या आतल्या बाजूला डेंटिनचे नवे पट्टे एकाखाली एक तयार होतात आणि कडेचे जुने पट्टे झिजून जातात. दात बदलण्याची यंत्रणा तीच आहे, पण येथे सुटा दात न येता चोचीत भर पडते.

आता किडीविषयी. शार्कचे एनॅमलॉइड फ्लोरापॅटाइटचे असते आणि त्यात फ्लोरिनचे प्रमाण वजनाने सुमारे 3 टक्के असते, हे खरे. माणसाच्या एनॅमलमधील हायड्रॉक्सिअ‍ॅपॅटाइटपेक्षा हे खनिज आम्लात कमी विरघळते, हेही खरे. परंतु फ्लोरिनमुळे तो दात अधिक कठीण होतो ही समजूत मोजमापात टिकत नाही. जर्मनीतील संशोधकांनी 2012 मध्ये माको शार्क, टायगर शार्क आणि माणूस यांच्या दातांची तुलना केली, तेव्हा कठीणपणा जवळजवळ सारखाच भरला. कीड न लागण्याचे मुख्य कारण मला दुसरीकडे दिसते. साखर आंबवून आम्ल करणाऱ्या जिवाणूंना एका दातावर महिनोन्‌महिने बस्तान बसवावे लागते. शार्कच्या आहारात ती साखर नाही आणि दाताला तेवढे आयुष्यही नाही.

समुद्राच्या पाण्यातून फ्लोराइड दातात शिरते, हा समजही दुरुस्त करावा लागतो. जपानमधील सुगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात अनेक जातींच्या दातांचे विश्लेषण केले. एनॅमलॉइडमधील फ्लोरिनचे प्रमाण मासा खाऱ्या पाण्यातला की गोड्या, यापेक्षा तो कोणत्या वंशाचा आहे यावर ठरते, असे त्यांत दिसून आले.

मोरीचा पडलेला दात मिळाला तर तो उभा कापून पाहावा. मोरीच्या नावाने बाजारात येणाऱ्या बहुतेक लहान शार्क ज्या गटात मोडतात त्याच गटात टायगर शार्क आहे. या गटात दाताच्या मधोमध गराची पोकळी असते आणि तिच्याभोवतीच्या डेंटिनमध्ये बारीक नलिका पोकळीकडून बाहेर शिस्तीने पसरलेल्या असतात, हे ऑर्थोडेंटिन. माको आणि ग्रेट व्हाइट यांच्या गटात ती पोकळी जवळजवळ पूर्ण भरून गेलेली असते. भरण करणाऱ्या ऑस्टिओडेंटिनमध्ये रक्तवाहिन्यांचे मार्ग आणि त्यांच्याभोवती गोल थर दिसतात, इतके की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते हाडच वाटावे. आणि एवढे पाहून झाल्यावर मोरीच्या खरखरीत कातडीचा एक तुकडाही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. तिच्यावरील प्रत्येक बारीक खवल्यात मधे गराची पोकळी, भोवती डेंटिन आणि वर एनॅमलॉइडची टोपी, अशी दाताचीच मांडणी आढळते.

प्रश्न : आमच्याकडे तलावातील रोहू आणि कटला घरी नेहमी येतात. त्यांच्या तोंडात दात दिसत नाहीत. मग ते अन्न चावतात कसे?
— एक वाचक, भंडारा

उत्तर : रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) हे सगळे एकाच कुळातील मासे आहेत आणि या कुळात जबड्यावर एकही दात नसतो. त्यांचे दात घशात असतात. पुढच्या वेळी रोहूचे डोके साफ करताना कल्ल्यांच्या चार कमानी बाजूला कराव्या. त्यांच्या मागे, घशाच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंना कोयत्यासारखे वळलेले एकेक हाड लागेल. ही खरे तर कल्ल्याची पाचवी कमान आहे, पण तिच्यावर कल्ला नाही, दात आहेत. मास काढून हाड उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवले की ते स्वच्छ निघते. रोहूच्या हाडावर दातांच्या 3 ओळी असून त्यांत अनुक्रमे 5, 3 आणि 2 दात असतात. हे दात वरच्या दातांवर आपटत नाहीत. कवटीच्या तळाशी असलेल्या एका कठीण, शिंगासारख्या गादीवर ते अन्न रगडतात.

दातांचा आकार पाहून मासा काय खातो याचा चांगला अंदाज बांधता येतो. सायप्रिनसचे घशातील दात दाढांसारखे सपाट असतात आणि ते गोगलगायीचे कवच फोडू शकतात. गवत्याच्या दातांच्या कडांवर खाचा असतात आणि त्या पाणवनस्पती फाडतात. मत्स्यशास्त्रज्ञ या ओळींतील दातांच्या संख्येवरून एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जाती ओळखतात, आणि त्यामुळे एवढेसे हाड संग्रहालयात जपून ठेवले जाते.

या कुळाच्या पूर्वजांनी जबड्यावरचे दात किमान 5 कोटी वर्षांपूर्वी गमावले. आपल्या उपखंडातील ओढ्या-नद्यांत राहणारा आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जाणारा झेब्रामासा याच गटातला आहे. त्याच्याही घशात दोन्ही बाजूंना 11-11 दात असतात आणि दात बदलण्याच्या प्रक्रियेचा बराच अभ्यास त्याच्यावर झाला आहे. आपण बाजारातून पापलेट आणत असाल तर त्याचाही घसा उघडून पाहावा : अन्ननलिकेच्या सुरुवातीला एक जाड पिशवी असते आणि तिच्या आतल्या भिंतीवर बारीक दातेरी उंचवटे असतात.

प्रश्न : करवत माशाच्या करवतीवरील दात हे खरे दात आहेत का?
— एक शालेय विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : नाहीत. ते कातडीवरील खवल्यांपासून रूपांतर झालेले आहेत, ऑस्टिओडेंटिनचे बनलेले आहेत आणि तोंडातील दातांप्रमाणे बदलत नाहीत. बुडाकडून सतत वाढतात आणि टोकाला झिजतात. मुळासकट एखादा उपटला गेला तर तेथे दुसरा येत नाही. खरे दात त्याच्या तोंडात, फरशीप्रमाणे दाटीने बसवलेले आणि अगदी लहान असतात. करवत मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा जुनी करवत कोणाकडे दिसली तर ती विकत घेऊ नये.

प्रश्न : खोल समुद्रातील काही माशांचे दात पारदर्शक असतात असे वाचले. सूक्ष्मरचनेत त्याचे कारण सापडते का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : सापडते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडील खोल पाण्यातल्या ड्रॅगनमाशाच्या दातांचा अभ्यास सॅन दिएगो येथील संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीच्या डेंटिनमध्ये 1 ते 3 मायक्रोमीटर रुंदीच्या असंख्य नलिका असतात आणि त्यांच्यावर आपटून प्रकाश विखुरतो, म्हणून दात पांढरा दिसतो. या माशाच्या डेंटिनमध्ये त्या नलिकाच नाहीत, आणि बाहेरच्या थरातील स्फटिक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने अतिशय लहान आहेत. प्रकाश आरपार जातो. उघड्या जबड्यातील दात सावजाला दिसत नाहीत.

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात साधा सूक्ष्मदर्शक आहे. माशाच्या दाताचा छेद विद्यार्थ्यांना कसा दाखवता येईल?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ऊतींचे जे छेद महाविद्यालयांत नेहमी केले जातात त्यांत आधी आम्लाने किंवा ईडीटीए या कॅल्शियम बांधून घेणाऱ्या रसायनाने कॅल्शियम काढून टाकतात, मग मेणात बसवून पातळ काप घेतात. माशाच्या पक्व दातासाठी ही पद्धत पहिल्यांदा वापरू नये. पक्व एनॅमलॉइडमध्ये सेंद्रिय भाग इतका थोडा उरलेला असतो की खनिज गेले की ते सगळे आवरणच नाहीसे होते आणि छेदात डेंटिनच्या टोकावर फक्त रिकामी जागा राहते. विद्यार्थी मग जे दिसते तेच काढतात, आणि आकृत्यांत आवरण नसलेले दात येतात.

त्याऐवजी घासून केलेला छेद घ्यावा. सुरमईच्या जबड्यातील चपटे, त्रिकोणी दात यासाठी सोयीचे आहेत, कारण ते मोठे असतात आणि कोठेही मिळतात. जबडा उकळून मास काढावे, दात हाडाच्या छोट्या तुकड्यासह कापून घ्यावा, म्हणजे जोडणीही छेदात येते. पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुऊन तो पूर्ण वाळू द्यावा आणि पारदर्शक रेझिनमध्ये बसवावा. रेझिन घट्ट झाल्यावर काचेच्या जाड तुकड्यावर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर एक बाजू दाताच्या मध्यापर्यंत घासावी. आधी 400 क्रमांकाचा कागद, मग 800, मग 1200. ही गुळगुळीत बाजू काचपट्टीवर चिकटवून दुसरी बाजू तशीच घासत आणावी. सुमारे 100 मायक्रोमीटर जाडीला रचना दिसू लागते आणि 50 च्या आसपास ती स्पष्ट होते. शेवटच्या टप्प्यात दर काही फेऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत जावे, कारण पातळ झालेला छेद क्षणात घासून जातो. डीपीएक्स या छेद कायम बसवण्याच्या पारदर्शक द्रवात आच्छादनकाच बसवली की तयारी पूर्ण झाली.

छेद पाहताना प्रकाश कमी ठेवावा. डेंटिनमधील नलिकांत हवा राहिली असेल तर त्या काळ्या रेषांसारख्या दिसतात आणि त्या टोकाकडे कशा वळतात हे सहज दाखवता येते. ध्रुवीकरण करणाऱ्या पटलाचे दोन तुकडे मिळाले तर एक छेदाखाली आणि दुसरा, पहिल्याशी काटकोनात फिरवून, नेत्रभिंगाखाली धरावा. एनॅमलॉइड डेंटिनहून वेगळे उजळून निघते आणि छेद फिरवला की जुड्यांच्या दिशेप्रमाणे उजेड बदलतो. काही माशांच्या दातांचे टोक तपकिरी किंवा नारिंगी असते. तो मळ नसून एनॅमलॉइडमध्ये साठलेले लोह असते, त्यामुळे ते घासून काढण्याचा प्रयत्न करू नये.

कॅल्शियम काढलेला छेदही करायचा असेल तर तो जबड्याच्या पूर्ण तुकड्याचा करावा, सुट्या दाताचा नव्हे. त्यात वापरातल्या दाताशेजारी घडत असलेले दात सापडतात आणि अर्धवट घडलेल्या दातांत एनॅमलॉइडचा सेंद्रिय साचा अजून शिल्लक असल्यामुळे तो रंग घेतो. नाशिकच्या विद्यार्थिनीला वर सांगितलेला क्रम, म्हणजे टोकाशी आधी एनॅमलॉइड आणि त्याखाली नंतर डेंटिन, अशा एका तुकड्यात तीन-चार निरनिराळ्या वयांच्या दातांवरून ताडून पाहता येतो.